ठरल्या दिवशी जमणारी माणसे
महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती : पुणे परिसरातील वाटचाल

समितीचा इतिहास म्हटले की शनिशिंगणापूरची यात्रा, जादूटोणाविरोधी कायदा आणि ओंकारेश्वर पुलावरचा खून एवढेच बहुतेकांना आठवते. वर्तमानपत्रांच्या कात्रणांतही तेवढेच सापडते. पण ज्यांनी समितीत वर्षानुवर्षे काम केले आहे, त्यांच्याशी बोलायला बसावे. ते आधी बोलतात ते शाखेच्या बैठकीबद्दल. ठरल्या वारी, ठरल्या वेळी, कोणाच्या तरी घरच्या ओसरीवर किंवा शाळेच्या रिकाम्या वर्गात पाचदहा माणसांनी जमायचे, मागच्या कामाचा हिशेब द्यायचा, एखाद्या विषयावर कोणी तरी अर्धा तास बोलायचे, मग प्रश्न, वाद, चहा आणि पुढची तारीख. समिती उभी राहिली आणि जीवघेणा घाव सोसूनही टिकली, ती या बैठकीच्या सवयीमुळे, असे मला ठामपणे वाटते. म्हणून या स्मरणिकेत मुळशी तालुक्यातल्या वाचकांसाठी समितीचा इतिहास सांगताना मोर्च्यांपेक्षा बैठकींना मी जास्त जागा देणार आहे.

ही सवय पुण्याला जुनी आहे. २४ सप्टेंबर १८७३ रोजी जोतीराव फुल्यांनी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली, तेव्हा साठेक माणसे जमली होती. अध्यक्ष आणि खजिनदार स्वतः जोतीराव, चिटणीस नारायणराव कडलक. पुढच्या काळात समाजाच्या साप्ताहिक सभा भरू लागल्या. त्या सभांतले विषय आज वाचले तरी आपल्याच बैठकीची विषयपत्रिका समोर आहे असे वाटते : दारूबंदी, सक्तीचे शिक्षण, स्वदेशी मालाला उत्तेजन, कमी खर्चातली लग्ने, ज्योतिषाच्या आणि भुताखेतांच्या भीतीतून माणसांची सुटका. तरुणांसाठी वक्तृत्वाच्या स्पर्धा होत. मूर्तिपूजा उपयोगाची आहे का, जातिभेद आवश्यक आहे का, असे प्रश्न तिथे उघडपणे चर्चेला ठेवले जात. दीडशे वर्षांपूर्वीच्या पुण्यात हे विषय मुलांच्या तोंडी देणे म्हणजे काय धाडस होते, याची कल्पना आज करावी लागते.

आणि त्या सभा बोलण्यावर थांबल्या नाहीत. स्थापनेला तीन महिनेही झाले नव्हते, तोच २५ डिसेंबर १८७३ रोजी सीताराम जबाजी आल्हाट आणि राधाबाई निंबणकर यांचा विवाह पुरोहिताशिवाय लागला. त्यासाठी सावित्रीबाईंनी पुढाकार घेतला होता. ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी पुढे अशाच रीतीने लग्नकार्य केले, तेव्हा गावच्या जोश्याने त्यांच्यावर दक्षिणेच्या हक्काचा दावा लावला आणि ते प्रकरण थेट मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. सभेत ऐकलेला विचार घरातल्या मंगलकार्यात उतरवला की त्याची किंमत अशी मोजावी लागे. जुन्नर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ती मोजली, हे पुणे जिल्ह्यातल्या प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवावे.

पुढचा काळ थोडक्यात सांगतो. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२७ ते १९५३ 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले आणि बुद्धिप्रामाण्य हा शब्द मराठीत जिवंत ठेवला. मानवेंद्रनाथ रॉय यांच्या नवमानवतावादाला महाराष्ट्रात तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, गोवर्धन पारीख, वि. म. तारकुंडे अशी माणसे मिळाली. यांतले तारकुंडे सासवडचे, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले. रॉय यांनी १९४८ मध्ये आपला पक्षच विसर्जित केला आणि राजकीय सत्तेऐवजी विचारांच्या प्रसाराचा मार्ग धरला. त्यातून अभ्यासवर्ग आणि चर्चा यांना महत्त्व आले. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात हमीद दलवाई यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. फुल्यांच्या समाजाचे नाव जवळजवळ शंभर वर्षांनी एका मुस्लिम सुधारकाने पुण्यातच पुन्हा उचलले. साताऱ्याच्या एका तरुण डॉक्टरने पुढे आपल्या मुलाचे नाव हमीद ठेवले ते दलवाईंच्या आठवणीनेच. ते डॉक्टर म्हणजे नरेंद्र दाभोलकर.

दाभोलकर मूळचे कबड्डीचे खेळाडू, शिवछत्रपती पुरस्कार मिळवलेले. मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून त्यांनी साताऱ्यात व्यवसाय सुरू केला, बाबा आढावांच्या 'एक गाव, एक पाणवठा' चळवळीत ते होते. १९८२ मध्ये नागपुरात श्याम मानव यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू झाली होती. दाभोलकर काही काळ त्या कामात होते आणि १९८९ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्वतंत्रपणे उभी केली. प्रा. एन. डी. पाटील यांनी दीर्घकाळ तिचे अध्यक्षपद भूषवले.

समितीने आपल्या कामाची चार सूत्रे ठरवली. शोषण करणाऱ्या अंधश्रद्धांना विरोध, वैज्ञानिक दृष्टिकोनाचा प्रसार, धर्माची विधायक चिकित्सा आणि व्यापक समाजपरिवर्तनाशी नाते. देव आहे की नाही, यावर संघटना म्हणून समितीने तटस्थ राहायचे ठरवले. या तटस्थतेवर अनेक विवेकवाद्यांनी टीका केली आणि आजही करतात. मला ती भूमिका योग्य वाटते. बैठकीला येणारा माणूस वारी करणारा असू शकतो, घरात देव्हारा असलेला असू शकतो. त्याला दारातच परतवले तर बुवाच्या दारी जाणाऱ्याशी बोलायचे कोणी?

हाच वाद समितीने मंचावर मांडला, आणि तो कसा, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. डॉ. श्रीराम लागू यांचे मत स्पष्ट होते की देवाची कल्पना आता निवृत्त करावी. दाभोलकरांनी समितीची तटस्थतेची बाजू मांडायची. 'विवेकजागराचा वाद-संवाद' या नावाने या दोघांनी गावोगाव कार्यक्रम केले. एका बाजूला रंगभूमीवरचा थोर नट, दुसऱ्या बाजूला संघटनेचा कार्याध्यक्ष. दोघे एकाच चळवळीतले, एकमेकांवर प्रेम करणारे, आणि तरीही श्रोत्यांसमोर एकमेकांशी असहमत. काही ठिकाणी कार्यक्रम उधळण्याचे प्रयत्न झाले. तरी सभागृहे भरत राहिली. आपल्याकडे व्याख्यान म्हणजे वक्त्याने बोलायचे आणि श्रोत्यांनी ऐकायचे, अशी रीत आहे. वक्तेच एकमेकांना अडवताहेत आणि तरी कोणाचा आवाज चढत नाही, हे पाहणे हेच त्या श्रोत्यांचे शिक्षण होते.

शाखेच्या बैठकीत आणखी एक गोष्ट शिकवली जाई : चमत्काराचे प्रात्यक्षिक. पाण्याने दिवा पेटवणारा बुवा दिव्यात आधीच कॅल्शियम कार्बाइडचे खडे ठेवतो. पाणी पडले की ॲसिटिलीन वायू सुटतो आणि काडी लावताच पेटतो. मंत्राने होम पेटतो तो पोटॅशियम परमँगनेटवर तुपाच्या नावाने ग्लिसरीन सोडल्यामुळे. जिभेवर जळता कापूर ठेवता येतो, कारण जीभ लाळेने ओली असते आणि चटका बसण्याआधी तोंड मिटले की ज्योत विझते. कार्यकर्ते हे सारे आधी स्वतः शिकत, मग शाळांत आणि गावच्या पारावर करून दाखवत. प्रयोगाचे शास्त्र सांगताना प्रेक्षकांतल्याच एखाद्या मुलाला पुढे बोलावून त्याच्या हातून दिवा पेटवायचा, अशी पद्धत होती. ज्याने एकदा स्वतःच्या हाताने पाण्यावर दिवा लावला, तो पुढे कोणाच्या दरबारात सहजासहजी हात जोडत नाही. चमत्कार सिद्ध करणाऱ्यास समितीने रोख बक्षिसाचे आव्हान जाहीर केले होते, ते पुढे २१ लाख रुपयांपर्यंत वाढवले. ते आजतागायत कोणी जिंकलेले नाही.

या तयारीची कसोटी २१ सप्टेंबर १९९५ रोजी लागली. त्या दिवशी गणपती दूध पितो म्हणून देशभर देवळांपुढे रांगा लागल्या. पृष्ठताणामुळे चमच्यातले दूध मूर्तीच्या ओल्या पृष्ठभागाकडे ओढले जाते आणि पातळ थराने खाली ओघळते, हे कार्यकर्त्यांनी दाखवून दिले. दगडाला, मातीच्या कपाला, कशालाही चमचा लावून बघा, तेच घडेल. अफवा एका दिवसात देशभर पसरली, पण उत्तरही त्याच दिवशी तयार होते, कारण उत्तर देणारी माणसे आधीच दर आठवड्याला जमत होती.

आता मुळशीकडे वळतो. आपला तालुका विलक्षण आहे. एका टोकाला हिंजवडी, माण, मारुंजी. काचेच्या इमारती, रात्रपाळीचे अभियंते. दुसऱ्या टोकाला ताम्हिणीच्या पावसातल्या वाड्या, जिथे भातलावणीच्या दिवसांत चिखलात पाय घालणाऱ्या प्रत्येकाच्या मनात सापाची भीती असते. या दोन्ही टोकांना अंधश्रद्धा आहे, फक्त तिचे रूप वेगळे. एकीकडे वास्तुदोष, रत्ने, महागडे गुरू. दुसरीकडे करणी, उतारा, मुंजा आणि देवरुषी. शिक्षणाने अंधश्रद्धा आपोआप जाते हा समज हिंजवडीच्या चौकात उभे राहून तपासून पाहावा.

सापाचा विषय मी मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण तो जिवाचा आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडचे चार प्रमुख विषारी साप. बाकीचे बहुतेक बिनविषारी, आणि विषारी सापही दर वेळी पुरेसे विष सोडतोच असे नाही. त्यामुळे भगताकडे नेलेल्या दंशग्रस्तांपैकी बरेच जण तसेही वाचणारच असतात. श्रेय मंत्राला जाते. ज्याच्या अंगात खरेच विष भिनले आहे त्याची मात्र भगताच्या अंगणातच मोलाची वेळ निघून जाते. मण्यारीचा दंश तर इतका बारीक असतो की रात्री झोपेत चावली तरी पहाटेपर्यंत कळत नाही. पापण्या जड होतात, श्वास अडतो. उपाय एकच, प्रतिविष. ते घोड्यांच्या रक्तद्रवापासून तयार होते आणि रुग्णालयात मिळते. सर्पदंशावरची बैठक घ्यायची ती पावसाळ्याच्या तोंडाला, लावणी सुरू होण्याआधी, आणि तिला गावच्या भगतालाही बोलवावे. भगताला चोर ठरवून हाकलले तर लोक रात्री गुपचूप त्याच्याकडे जातात. त्याला विश्वासात घेऊन, दंश झालेला माणूस आला की आधी गाडी बोलाव, असे पटवले तर तोच माणूस पेशंटला पौडच्या दवाखान्यात लवकर पोहोचवू शकतो.

पुणे जिल्ह्यातल्या कार्यकर्त्यांनी जटा काढण्याचे कामही याच रीतीने केले. डोक्यावर गुंता होऊन घट्ट झालेली जट म्हणजे देवीचा कौल, ती कापली तर घरावर कोप होईल, असे मानले जाते. अनेक बायका वर्षानुवर्षे ते ओझे डोक्यावर वागवतात; मान आखडते, केसांत उवा आणि जखमा होतात, झोप लागत नाही. नंदिनी जाधव यांनी अशा शेकडो स्त्रियांना जटामुक्त केले आहे. कात्री चालवायला अर्धा-पाऊण तास लागतो. त्याआधीची बोलणी मात्र कधी महिनोन्महिने चालतात : आधी त्या बाईशी, मग सासूशी, मग नवऱ्याशी. कोणतीही जबरदस्ती नाही, आणि घरातले सारे राजी झाल्याशिवाय कात्री लावायची नाही. हे धैर्य बैठकीत घडते, कारण तिथे कार्यकर्ता आपले अपयश सांगतो आणि बाकीचे त्याला धीर देतात.

सन २००० मध्ये शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना प्रवेश मिळावा म्हणून समितीने मोर्चा काढला. त्या वेळी यश आले नाही. २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने स्त्रियांच्या मंदिरप्रवेशाच्या हक्काच्या बाजूने भूमिका घेतली आणि एप्रिलमध्ये चौथरा स्त्रियांसाठी खुला झाला. होळीची पोळी आगीत न टाकता भुकेल्याला द्यावी, विसर्जनाच्या मूर्ती दान कराव्यात, ३१ डिसेंबरला चौकात दूध वाटावे, ही कामे दरवर्षी नेमाने चालली. जून २०१३ मध्ये नाशिकला एका तरुणीचा जातीबाहेर लग्न केल्यामुळे बापानेच जीव घेतला, त्यानंतर जातपंचायतींविरुद्ध मोहीम उभी राहिली. तिच्यातून २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आला.

जादूटोणाविरोधी कायद्याची लढाई सर्वांत लांबली. १९९५ मध्ये विधान परिषदेत अशा कायद्याचा ठराव झाला. मसुदा पुनःपुन्हा बदलला, २००५ मध्ये विधानसभेत मंजूर होऊनही पुढे अडकला. धर्मावर घाला, वारकऱ्यांवर घाला, असा प्रचार झाला. प्रत्यक्षात मसुद्यात देव, धर्म, व्रत, वारी यांवर बंदीचे एकही कलम नव्हते. नरबळी, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, चमत्काराच्या नावाने फसवणूक, साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देणे अशी नेमकी कृत्ये तेवढी गुन्हा ठरवायची होती. ते मसुद्याचे कागद शाखाशाखांतून वाचले गेले, कलमागणिक चर्चा झाली. अधिवेशन आले की कार्यकर्ते नागपूर-मुंबईला जात, रिकाम्या हाताने परतत, आणि पुढच्या बैठकीला पुन्हा हजर असत.

२० ऑगस्ट २०१३, मंगळवार. दाभोलकर 'साधना' साप्ताहिकाचे संपादक होते, त्या कामासाठी ते आठवड्यातले काही दिवस पुण्यात राहत. सकाळी फिरायला निघालेले असताना महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर, ज्याला पुणेकर ओंकारेश्वर पूल म्हणतात, मोटारसायकलवरून आलेल्या दोघांनी त्यांना गोळ्या घातल्या. अस्पृश्यता निवारणासाठी आयुष्य वेचलेल्या महर्षी शिंद्यांच्या नावाच्या पुलावर हे घडले. चार दिवसांनी, २४ ऑगस्टला, राज्यपालांनी जादूटोणाविरोधी अध्यादेशावर सही केली आणि डिसेंबरमध्ये दोन्ही सभागृहांनी कायदा मंजूर केला. अठरा वर्षे जे मिळाले नाही ते माणूस गेल्यावर मिळाले. हे लिहिताना आजही हात जड होतो.

पुढे जे घडले ते समितीच्या इतिहासातले मला सर्वांत थोर वाटणारे पर्व आहे. पुण्यातले कार्यकर्ते दर महिन्याच्या २० तारखेला सकाळी त्याच पुलावर जमू लागले. तपासाचे काय झाले, असे विचारायला. कधी थोडेच जण असत, कधी गर्दी असे. गाणी होत, कोणी बोलत, घोषणा होत : आम्ही सारे दाभोलकर. बाजूने कामाला निघालेली वाहने जात. काही लोक थांबत, काही मान वळवून निघून जात. २०१५ च्या फेब्रुवारीत कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, २० तारखेलाच त्यांचा मृत्यू झाला. ऑगस्टमध्ये धारवाडला प्रा. कलबुर्गी, २०१७ च्या सप्टेंबरात बेंगळुरूला गौरी लंकेश. प्रत्येक वेळी पुलावरच्या प्रश्नात एक नाव वाढत गेले. पाऊस असो, थंडी असो, तारीख चुकवायची नाही, असा तो नेम.

रंगकर्मी अतुल पेठे यांनी या काळात कार्यकर्त्यांना रिंगणनाट्य शिकवले. रंगमंच नाही, नेपथ्य नाही. रस्त्यावर गोल करून उभे राहायचे आणि मध्ये नाटक. आयुष्यात कधी तोंडाला रंग न लावलेले शिक्षक, बँकेतले कर्मचारी, गृहिणी त्यात उतरले. व्याख्यान ऐकायला न येणारा माणूस रिंगणाच्या कडेला थबकतो, हा अनुभव शाखाशाखांना आला. दुःखाला काम देणे म्हणजे काय, हे मी त्या रिंगणांतून शिकलो.

तपास २०१४ मध्ये सीबीआयकडे गेला. पुण्याच्या विशेष न्यायालयाचा निकाल १० मे २०२४ रोजी लागला. सचिन अंदुरे आणि शरद कळसकर यांना जन्मठेप झाली; वीरेंद्रसिंह तावडे, संजीव पुनाळेकर आणि विक्रम भावे यांची निर्दोष मुक्तता झाली. खुनापासून निकालापर्यंत पावणेअकरा वर्षे गेली. गोळ्या झाडणारे दोषी ठरले. त्यांना पाठवणारे कोण, या प्रश्नाचे उत्तर निकालाने दिलेले नाही, आणि पुलावर जमणाऱ्यांनी पहिल्यापासून विचारलेला प्रश्न तोच होता.

२० ऑगस्ट हा दिवस आता देशभर विज्ञान चळवळीतल्या संघटना राष्ट्रीय वैज्ञानिक दृष्टिकोन दिन म्हणून पाळतात. जादूटोणाविरोधी कायद्यानुसार पोलीस निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा दक्षता अधिकारी नेमता येतो, आणि गुन्ह्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण घाबरलेले घर तक्रार द्यायला पुढे येत नाही तोवर कायदा कागदावर राहतो. आपल्या तालुक्यात हे काम करायचे तर खर्च फार नाही. पौडला किंवा पिरंगुटला शाळेचा एक वर्ग, महिन्यातला एक ठरलेला रविवार, पाच माणसे आणि हजेरीची वही. पहिली बैठक जूनच्या आधी घ्यावी आणि विषय सर्पदंशाचा ठेवावा.